मारिसोलचे बुधवार

गुरुवारी सकाळी ऑफिसात पोचले तेव्हा आन्सरिंग मशीनचा लाल दिवा लुकलुकत होता. आदल्या दिवशी आमच्या रेडिओ मालिकेचा सातवा भाग लागला होता, म्हणजे मेसेजेस असणारच. मी कोट न काढता बटण दाबलं. एक बाई विचारत होती, मारिसोलच्या नवऱ्याचं थोबाड कोण फोडणार आहे. दुसरीने मारिसोलसाठी मेणबत्ती लावली होती. तिसरी नुसतीच रडत होती, आणि तिच्या मागे कोणीतरी भांडी घासत होतं.

शेवटचा मेसेज वेगळा होता. एक सावकाश, थोडा घोगरा आवाज स्पॅनिशमध्ये म्हणाला, "तुम्ही मारिसोलचा रिपोर्ट चांगला आणणार. गोष्टींत तसंच असतं. माझा चांगला आला नव्हता. मग मी पुढचे बुधवार कशासाठी ऐकू?"

पुढे फोन ठेवल्याचा आवाज. मी खुर्चीत बसले. टेबलावर नवव्या भागाची स्क्रिप्ट होती, बॉसची सही झालेली. त्यात मारिसोलचा रिपोर्ट चांगलाच होता.

ही दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. द हेगमधल्या एका लहानशा आरोग्य-शिक्षण संस्थेत मी काम करत होते. मूळची मी पुण्याची. एमएसडब्ल्यू केलं, वस्त्यांमधून पथनाट्यं केली, मग नवऱ्याच्या, नितीनच्या, आयटीच्या नोकरीमागे इकडे आले. कॉलेजात असताना जर्मनचा वर्ग भरला होता म्हणून मी स्पॅनिश शिकले होते. तेवढ्या एका अपघातावर मला हे काम मिळालं.

काम असं होतं. शहरात दक्षिण अमेरिकेतून आणि कॅरिबियन बेटांवरून आलेल्या बऱ्याच बायका होत्या. कोणी ऑफिसं साफ करायच्या, कोणी हॉटेलांच्या स्वयंपाकघरात, कोणी लग्न करून आलेल्या. त्यांच्यापर्यंत एचआयव्हीची माहिती पोचत नव्हती. आमच्याआधी कोणीतरी स्पॅनिशमध्ये गुळगुळीत पत्रकं छापली होती. ती मेर्सेदेसच्या सलूनमध्ये ठेवलेली मी पाहिली. मेर्सेदेस केसांचा रंग कालवायची, तेव्हा टेबल खराब होऊ नये म्हणून वाटीखाली ती पत्रकं घालायची.

मेर्सेदेस डोमिनिकन रिपब्लिकची, पन्नाशीची, रुंद खांद्यांची. "इंडिया," ती मला म्हणाली, कारण माझं मृणाल हे नाव तिला घेता यायचं नाही, "आमच्या बायका वाचत नाहीत असं नाही. पण हे पत्रक पर्समध्ये सापडलं तर नवरा विचारेल, हे तुझ्याकडे कशाला? रेडिओ ऐकला तर कोण विचारतंय?"

म्हणून मालिका. आमच्या धंद्यात अशा मालिकेचं एक साधं गणित असतं. एक पात्र शहाणं, एक बेफिकीर आणि एक मधलं, कुंपणावर बसलेलं. ऐकणारी बाई त्या मधल्या पात्राचा हात धरून चालते. ते घाबरलं की ती घाबरते, त्याला धीर आला की तिलाही येतो. आमचं मधलं पात्र म्हणजे मारिसोल. लग्न झालेली, देवभोळी, नवऱ्यावर विश्वास असलेली. काँडोमचा विषय काढणं म्हणजे नवऱ्यावर आळ घेणं असं तिला वाटतं. बारा भाग, प्रत्येक भाग दहा-बारा मिनिटांचा. एका छोट्या स्थानिक रेडिओवर दर बुधवारी दुपारी दोन वाजता.

दोन वाजता मी मुद्दाम मेर्सेदेसच्या सलूनमध्ये जाऊन बसायचे. ते दिवस आठवले की मला अजूनही गुंगी येते. बाहेर हिवाळ्याचा दुधट उजेड, काचेवर वाफ, खुर्च्यांत डोक्यावर ड्रायर घेतलेल्या बायका. दोनला पाच मिनिटं असताना मेर्सेदेस एकेक ड्रायर बंद करत जायची. मग फक्त हीटरची घरघर उरायची. मारिसोल बोलायला लागली की सगळ्या डोळे मिटायच्या. त्यांची स्पॅनिश माझ्या पुस्तकी स्पॅनिशपेक्षा वेगळी, शब्दांची शेपटं गिळणारी. मला अर्धंच कळायचं. पण कळत नव्हतं ते जास्त खोल उतरायचं. कोणाचे तरी ओठ मारिसोलबरोबर हलायचे. एकदा ट्राममध्ये समोर बसलेल्या, हातमोजे शिवत असलेल्या एका बाईकडे पाहून मला पूर्ण खात्री वाटली की हीच मारिसोल. माझा स्टॉप गेला तरी मी बसून राहिले.

मारिसोलचा आवाज नोएमीचा होता. नोएमी कोलंबियाची, तिशीतली, सकाळी लोकांची घरं साफ करायची आणि दुपारी आमच्याकडे यायची. ऑफिसच्या मागच्या खोलीत आम्ही रेकॉर्डिंग करायचो. आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर सगळ्यांचे जुने ओव्हरकोट टांगलेले. समुद्राचा आवाज मी काढायचे, पुण्याहून आणलेल्या सुपात तांदूळ हळूहळू फिरवून. नोएमी डोळे मिटून म्हणायची, "थोडं अजून फिरव. मला अजून किनारा दिसत नाहीये."

तर तो मेसेज. आठवा भाग आधीच रेकॉर्ड झाला होता. त्यात मारिसोल रिपोर्टची वाट बघते. मी त्याच्या शेवटी माझ्या आवाजात एक वाक्य जोडलं. "ज्या बाईंनी पुढच्या बुधवारांबद्दल विचारलं, त्यांनी गुरुवारी दहा वाजता फोन करावा. मी स्वतः उचलेन."

गुरुवारी दहा वाजता फोन वाजला. शुक्रवारी आम्ही भेटलो, त्यांच्या सांगण्यावरून स्खेवेनिंगनला, समुद्रावर. त्या दिवशी इतकं धुकं होतं की समुद्र फक्त ऐकू येत होता. त्यांनी नाव सांगितलं नाही, मी विचारलं नाही. साधारण माझ्याच वयाच्या. एका हॉटेलात सकाळच्या नाश्त्याचं काम करायच्या. आम्ही ओल्या वाळूतून चालत राहिलो.

"रिपोर्ट कळला तेव्हा तुम्ही काय केलंत?" मी शेवटी विचारलं. मला नववा भाग लिहायचा होता, आणि असं विचारताना मला माझीच थोडी लाज वाटली.

"तुम्हाला वाटत असेल रडले," त्या म्हणाल्या. "डॉक्टर खूप वेळ बोलत होते. मी खिडकीबाहेर बघत होते. मग मी विचारलं, उद्या सकाळी सहाची शिफ्ट आहे, जाऊ का? ते म्हणाले, जा की. मग मी गेले. ऑम्लेटं केली. लोकांनी खाल्ली, बिल भरून विमानाला गेले. कोणाला काही झालं नाही."

"औषधं?"

"रोज. त्यांनी पोटात ढवळतं. पण चार वर्षं झाली." त्या थांबल्या. धुक्यातून एक कुत्रा आला, आम्हाला हुंगून गेला. "मारिसोलला मारू नका. संतही करू नका. तिला दुसऱ्या दिवशी कामावर पाठवा. एवढंच ऐकायचंय मला."

सोमवारी मी बॉसच्या खोलीत गेले. आनेलीस उंच, डच, स्पष्ट बोलणारी आणि मनाने चांगली. तिने माझं सगळं ऐकून घेतलं.

"मृणाल, आपला प्रोजेक्ट प्रिव्हेन्शनचा आहे," ती म्हणाली. "म्हणजे ज्यांना लागण झालेली नाही त्यांना ती होऊ नये. मारिसोलचा रिपोर्ट चांगला येतो, ती सुटकेचा निःश्वास टाकते, आणि पुढे काळजी घ्यायला शिकते. हाच आपला मेसेज. तू तिला पॉझिटिव्ह केलंस तर बायका घाबरतील. घाबरलेली बाई टेस्टला जात नाही."

"आणि चांगला आला तर बायका म्हणतील, चांगल्या बायकांना काही होत नाही."

"असं कोण म्हणतं?"

"माहीत नाही. विचारून बघू."

आनेलीसने पेन्सिल टेबलावर दोनदा आपटली. "मग प्री-टेस्ट कर," ती म्हणाली. प्री-टेस्ट म्हणजे रेडिओवर लावण्याआधी मोजक्या बायकांना ऐकवून बघणं. "बायका उठून गेल्या तर जुनी स्क्रिप्ट. कबूल?"

मी कबूल म्हटलं. त्या बुधवारी आठवा भागच पुन्हा लावायचं ठरलं, शेवटचं माझं वाक्य काढून. दोन दिवसांत नवा भाग लिहिला. मारिसोल रडत नाही. डॉक्टर समजावून सांगतात, की आता रोज औषधं घ्यायची, की ती काम करू शकते, मुलांना जवळ घेऊ शकते, म्हातारी होऊ शकते. नवऱ्याबरोबर काँडोम वापरायचा, आणि त्यालाही टेस्टला आणायचं. हे सगळं तेव्हाही खरं होतं, फक्त कोणी मोठ्याने बोलत नव्हतं.

मेर्सेदेसच्या सलूनमध्ये पाच बायका होत्या. रेकॉर्डिंग नव्हतंच, मी कागदावरून वाचून दाखवलं, माझ्या अडखळत्या स्पॅनिशमध्ये. रिपोर्टशी आले तशी एकीने डोक्यावरचा टॉवेल काढून फेकला.

"हे चालणार नाही," ती म्हणाली. "मारिसोलला असं होऊच शकत नाही. तिने काय पाप केलंय?"

"काहीच नाही," मी म्हटलं.

"मग?"

पथनाट्यात अशा वेळी काय बोलायचं ते मला पाठ होतं, पण इथे ते ओठांवर येईना. हीटर घरघरत होता. कोणाच्या तरी केसांतून पाणी ठिबकत होतं. मेर्सेदेस हातात कंगवा घेऊन उभी होती. ती बोलली, जणू झोपेतून.

"माझ्या बहिणीनेही काही केलं नव्हतं. तिकडे, गावी. आम्ही सगळ्यांना सांगितलं की फुप्फुसाचा आजार आहे. मी तिच्या ताटाला हात लावायची नाही. तिला ते दिसायचं." मग तिने टॉवेल उचलून त्या बाईच्या खांद्यावर ठेवला. "वाच, इंडिया. पुढे वाच."

कोणी उठून गेलं नाही. आनेलीसने तिचा शब्द पाळला. नव्या स्क्रिप्टवर सही केली, वर म्हणाली, "चुकलं तर दोघींचं चुकेल."

मला वाटलं, काम झालं. पण नोएमीने स्क्रिप्ट वाचून टेबलावर ठेवली आणि कोट घातला.

"मी हे बोलणार नाही," ती म्हणाली.

"नोएमी, नाटक आहे. आपण सुरुवातीला सूचना देऊ, की पात्रं काल्पनिक आहेत."

"लोक सूचनेवर विश्वास ठेवत नाहीत. आवाजावर ठेवतात. सुपरमार्केटमध्ये मी टोमॅटो मागितले तरी मागची बाई म्हणते, अगं मारिसोल. उद्या ती काय म्हणेल? मी चार घरांत भांडी घासते."

मी समजावत राहिले. शेवटी तिने मला थांबवलं. "तू तुझ्या देशाच्या बायकांना सांगितलंयस, तू कसलं काम करतेस ते?"

आईला मी फोनवर सांगायचे, श्रुतिका करते. मराठी मंडळात कोणी विचारलं तर, रेडिओवर आहे, हेल्थबद्दल. एचआयव्ही आणि काँडोम हे दोन शब्द मी कधी उच्चारले नव्हते. दिवसभर दुसऱ्यांना उच्चारायला लावायचे, आणि घरी येऊन पोळ्या लाटायचे.

त्या रविवारी हूफडॉर्पला एका मैत्रिणीकडे हळदीकुंकू होतं. तिळगूळ, वाण, रेशमी साड्यांवर लोकरी मोजे. कोणीतरी सहज विचारलं, "मृणाल, तुझं ते रेडिओचं कसं चाललंय?" मी म्हटलं, "छान चाललंय. एचआयव्हीवर आहे. बायकांनी नवऱ्याला काँडोमबद्दल कसं विचारायचं, टेस्ट कशी करून घ्यायची, असं."

खोलीत साड्यांची सळसळसुद्धा थांबली. कोणीतरी हळूच "शी बाई" म्हटलं. घरच्या मैत्रिणीने घाईने विचारलं, "अजून थोडी भेळ घेतेस?" मी घेतली. निघताना दारात, बूट चढवत असताना, एक बाई माझ्याशेजारी वाकली. तिचा नवरा कामासाठी सहा-सहा महिने दुसऱ्या देशात असायचा. तिने नाडी बांधता बांधता, माझ्याकडे न बघता विचारलं, "ते टेस्टचं, इथे हाउसआर्ट्सकडे होतं का?" हाउसआर्ट्स म्हणजे इथला फॅमिली डॉक्टर. मी हो म्हटलं. तिने मान हलवली आणि धुक्यात आपल्या सायकलकडे गेली.

सोमवारी मी नोएमीला म्हटलं, "सांगितलं."

"मग?"

"एक म्हणाली, शी. बाकीच्या गप्प. परत बोलावतील की नाही, माहीत नाही."

दारातल्या बाईबद्दल मी तिला सांगितलं नाही. ते गुपित माझं नव्हतं. नोएमीने कोट काढला आणि भिंतीवर बाकीच्या कोटांमध्ये अडकवला. "सूप आणि तांदूळ आण," ती म्हणाली.

त्या रेकॉर्डिंगला नोएमीने अजिबात अभिनय केला नाही. डॉक्टरचं काम आमचा हिशेबनीस करायचा, त्याचा आवाज जाड होता. तो लांबलचक समजावतो. नोएमी काही बोलत नाही. इतका वेळ, की मला वाटलं, वाक्य विसरली. मग ती अगदी साधं विचारते, "उद्या सकाळची शिफ्ट आहे. जाऊ का?" डॉक्टर म्हणतो, जा की. पुढे पावलं, दार, आणि समुद्र. माझा हात थांबेना. टेप संपली तरी मी तांदूळ फिरवत होते. त्या खोलीत खरंच ओल्या वाळूचा वास आला, असं मी आजही शपथेवर सांगेन.

नववा भाग बुधवारी लागला. मी सलूनमध्ये होते. भाग संपल्यावर कोणी ड्रायर चालू केला नाही. मेर्सेदेस पुढ्यातल्या बाईचे केस विंचरत राहिली. ते केव्हाच विंचरून झाले होते.

गुरुवारी मशीन भरलं होतं. बऱ्याच जणी चिडल्या होत्या. एकीने मला देव बघून घेईल असं सांगितलं. काही जणींनी पत्ता विचारला, टेस्ट कुठे होते, नाव द्यावं लागतं का, कोणाला कळतं का. एक बाई म्हणाली, नवऱ्याला एकदम काँडोम म्हणायची हिंमत नाही, पण बुधवारी रेडिओ मोठा करून ठेवला, तो जेवत होता, त्याने ऐकलं. आमच्या धंद्यात यालाच इम्पॅक्ट म्हणतात.

नोएमीला किंमत मोजावी लागली, हे मी लपवणार नाही. चारांपैकी एका घराने तिला आता येऊ नको म्हणून कळवलं. कारण दिलं नाही. तिने ते मला चार दिवसांनी सांगितलं, केळं सोलता सोलता. मी माफी मागितली. ती म्हणाली, "त्यांचं बाथरूम फार मोठं होतं." त्याच आठवड्यात तिच्या इमारतीतली एक म्हातारी, जिच्याशी तिची कधी ओळखही नव्हती, तिच्या दाराशी सुपाचं पातेलं घेऊन उभी राहिली. नोएमीने तिला सांगितलं, मी आजारी नाही, ते नाटक आहे. म्हातारी म्हणाली, ठीक आहे, पण सूप गरम आहे. नोएमी ते प्यायली. पुढचे तीनही भाग तिनेच केले. बाराव्या भागात मारिसोल कामावरून घरी येते, चपला काढते आणि खिडकी उघडते. तेवढंच.

समुद्रावरच्या बाई मला पुन्हा भेटल्या नाहीत. मी कधीकधी हॉटेलांत नाश्त्याला गेले की स्वयंपाकघराच्या दाराकडे बघते.

मालिका संपल्यावर महिन्याभराने आनेलीसने मला तिच्या खोलीत बोलावलं आणि फोनचा स्पीकर लावला. पलीकडे शहरातल्या टेस्टिंग क्लिनिकची नर्स होती. तिला जरा वैताग आला होता.

"ही मारिसोल कोण आहे?" तिने विचारलं. "आमच्याकडे स्पॅनिश बोलणाऱ्या बायका येतात. कोणती टेस्ट हवी विचारलं तर एचआयव्ही म्हणत नाहीत. म्हणतात, मारिसोलची टेस्ट. काउंटरवरच्या मुलीला वाटलं, हा काहीतरी नवा प्रकार आहे. तिने लॅबला फोन करून विचारलं."

आनेलीसने फोनवर हात ठेवून मला विचारलं, "काय सांगू?"

"सांग, हो म्हणा आणि रक्त घ्या."

प्रोजेक्टच्या शेवटच्या रिपोर्टमध्ये आनेलीसला हे कुठे लिहावं ते कळेना. फॉर्ममध्ये त्यासाठी रकाना नव्हता. 'इतर' मध्ये दोन ओळी घातल्या. त्यानंतर मी या क्षेत्रात बरीच वर्षं काढली, बरीच पत्रकं छापली, बरीच पॉवरपॉइंट्स केली. त्यातून एवढंच शिकले: लोकांना आजाराचं नाव घ्यायची लाज वाटत असेल तर त्यांच्याशी वाद घालत बसू नये. दुसरं एखादं नाव द्यावं, आणि काउंटरवरच्या मुलीला आधी कळवून ठेवावं.